थोडं डोकं आम्हालाही चालवू द्या

पुण्या-मुंबईत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मंडळींना,



एका इटालियन खेळाबद्दलचं पत्र तुम्हाला का, हे आधी सांगते. ज्यांनी तो बनवला त्यांचं काम झालंय. खेळ बाजारात येऊन काही वर्षं लोटली, चांगलं-वाईट जे बोलायचं ते लोक बोलून मोकळे झाले. तुमचा खेळ मात्र अजून वहीत, फळ्यावर किंवा कुणाच्या तरी डोक्यात आहे. त्या बोलण्याचा उपयोग झालाच तर तुम्हाला होईल. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ जगभरच्या खेळाडूंपुढे नेल्यापासून ‘आपल्याकडे कुठे असले गेम होतात’ असं म्हणायची सोयही उरलेली नाही.

खेळाचं नाव ‘क्राइम ओक्लॉक’. बॅड सीड या स्टुडिओनं केलेला, २०२३ च्या जून-जुलैत निंटेंडो स्विचवर आणि पीसीवर आलेला. त्यात तुम्ही काळातून फिरणारे गुप्तहेर असता. काळाच्या ओघात कुणीतरी ढवळाढवळ करतंय, भलत्या वेळी भलते गुन्हे घडताहेत. ते उलगडायचे आणि इतिहास पुन्हा रुळावर आणायचा. मदतीला ईव्ह नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता. पडद्यावर एक अवाढव्य चित्र येतं. काळ्या-पांढऱ्या रेघांत काढलेलं आख्खं शहर, गल्ल्या, छपरं, खिडक्या आणि त्यांत मुंग्यांसारखी माणसं. वाफेच्या यंत्रांचा जमाना, आपलं माहितीयुग, दंतकथेतलं अटलांटिस असे निरनिराळे काळ.

इथवर हा नेहमीचाच लपलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ वाटेल. खरी गंमत पुढे आहे. हे चित्र एका क्षणाला खिळलेलं नाही. एक पाऊल पुढे गेलात की तेच शहर थोड्या वेळानंतरचं दिसतं. मागे आलात की आधीचं. या पावलांना खेळात ‘टिक’ म्हणतात. समजा, बाजारात एका माणसाची पेटी चोरीला गेली. या क्षणाला तो डोक्याला हात लावून बसलाय. एक टिक मागे जा, पेटी त्याच्या पायाशी आहे आणि तो दुकानदाराशी हुज्जत घालतोय. आणखी मागे जा, पलीकडच्या कमानीआड एक बाई उभी आहे, नजर पेटीवर. आता तिचा माग काढायचा, ती आली कुठून आणि गेली कुठे. वस्तू शोधायची ती जागेत आणि काळातही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला शंभर गुण.

खेळाडूंनी हे गुण हात आखडता न घेता दिलेत. चित्रांचं कौतुक जवळपास सगळ्यांनी केलंय. मुख्य प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेली माणसंसुद्धा आपापल्या उद्योगात आहेत; एखाद्या कोपऱ्यातल्या जोडप्याचं भांडण टिकागणिक वाढत जातं, कुणाचा कुत्रा पळतो, आणि सिनेमांतले, खेळांतले ओळखीचे चेहरे गर्दीत मध्येच डोकावतात. प्रकरण बाजूला ठेवून नुसतं शहरात भटकत बसावंसं वाटतं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. दिवसभराचं काम आटोपल्यावर डोक्याला ताप न देणारा खेळ म्हणूनही तो अनेकांना आवडला.

मग तक्रार कसली? तक्रार ईव्हची.

ती गप्प बसत नाही. अमक्याला शोधा, सांगते. शोधला, की तो आता पुढच्या क्षणी कुठे गेला ते शोधा. तो सापडला, की त्याच्या हातात काय आहे ते पाहा. पाहिलंत? मग त्याचा अर्थ काय, तो का असा वागला, गुन्हेगार कोण, हे सगळं तीच बोलून टाकते. मध्येच माहितीची छाननी करायची म्हणून छोटे छोटे यांत्रिक खेळ खेळायला लावते. पहिल्यांदा बरे वाटतात, पुढे पुढे तेच ते येत राहतात. म्हणजे डोळे खेळाडूचे आणि डोकं ईव्हचं. शब्दकोडं सोडवायला बसावं आणि मागून खांद्यावरून वाकून कुणीतरी उभे-आडवे शब्द सांगत राहावं, आपण फक्त पेन चालवायचं, तशातली गत. खेळाला गुप्तहेराचा म्हणायचं आणि गुप्तहेराचं काम यंत्राला द्यायचं, यावर खेळाडू चिडले ते रास्तच होतं.

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण अभिप्राय वाचणं हीसुद्धा एक तपासणीच आहे. स्टीम या पीसी-खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक अभिप्रायाशेजारी त्या माणसानं खेळ किती तास खेळला ते छापलेलं असतं. अंगठा वर की खाली, हे बघण्याआधी तो आकडा बघावा. तासाभरात कंटाळून उठलेल्याचं मत खरंच असतं, पण ते बहुतेक वेळा शिकवणीच्या भागाबद्दल असतं. शेवटापर्यंत जाऊन, अंगठा वर करून, खाली तक्रारींचा पाढा वाचणारा माणूस तुमच्या कामाचा. त्याला खेळ आवडलाय, म्हणूनच तो वैतागलाय. अशा अभिप्रायांत एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते, आमच्यावर थोडा विश्वास ठेवा.

यावर तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, बाई, विश्वास ठेवला आणि खेळाडू अडकला तर? तो खेळ बंद करतो आणि परत येत नाही. खरंय. एका बाजूला निवांत शोधाशोध हवी असलेला खेळाडू, दुसऱ्या बाजूला डोकं खाजवायला हवं असलेला. दोघांना एकाच पंगतीला बसवायचं कसं?

याचं उत्तर ‘क्राइम ओक्लॉक’च्या तीन वर्षं आधी एका कागदानं दिलेलं आहे. ‘मायक्रोमॅक्रो : क्राइम सिटी’ हा योहानेस झिख यांचा जर्मन बोर्ड गेम २०२० मध्ये आला आणि २०२१ चा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार, घेऊन गेला. डब्यात ७५ बाय ११० सेंटिमीटरचा घडीचा नकाशा, एक छोटं भिंग आणि १६ प्रकरणांची कार्डं. बस्स. नकाशा काळा-पांढरा, गच्च भरलेला. त्यात एकच माणूस चार ठिकाणी दिसतो, कारण चित्रकारानं त्याचा सकाळपासूनचा दिवस त्या एकाच कागदावर पसरून ठेवलाय. इथे तो घरातून निघाला, तिथे बस पकडली, पुढच्या चौकात मरून पडला. टिक नाही, बटण नाही. बोट कागदावरून मागे सरकवायचं, की काळ मागे सरकतो.

आता पंगतीचं. प्रत्येक प्रकरणाची कार्डं ओळीनं लावलेली असतात. पहिलं कार्ड गुन्हा सांगतं, पुढची एकेक प्रश्न विचारत नेतात. ज्याला हात धरून चालायचंय त्यानं एकेक कार्ड उलटावं. ज्याला एकट्यानं जायचंय त्यानं फक्त पहिलं कार्ड वाचावं, बाकीची पालथी ठेवावीत, आख्खं प्रकरण मनात जुळवावं आणि मगच कार्डं उलटून आपलं बरोबर आलं का ते पाहावं. ही रीत नियमांतच दिलेली आहे. खेळ तोच, नकाशा तोच, एक ओळ जास्तीची छापली आणि दोन्ही तऱ्हेचे लोक खूश. ईव्हला ‘गप्प राहा’ असं सांगणारं एक बटण दिलं असतं, तर निम्म्या तक्रारी जागीच विरल्या असत्या.

त्याच्या पलीकडचं टोक बघायचं असेल तर लुकास पोप यांचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ खेळा. हा वस्तू शोधण्याचा खेळ म्हणून विकला गेला नाही, पण काळात मागे जाऊन पुरावा शोधणं काय असतं हे त्याच्याइतकं चोख मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. साल १८०७. बेपत्ता झालेलं एक व्यापारी जहाज माणसांविना इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागतं. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर ६० जण होते. त्यांचं प्रत्येकाचं नाव काय आणि काय झालं, हे वहीत भरायचं. हातात एक जादूचं घड्याळ. मृतदेहापाशी ते उघडलं की त्याच्या मरणाचा क्षण गोठून समोर उभा राहतो आणि त्यात तुम्ही फिरू शकता.

या खेळात सूचना देणारं कुणी नाही. नावांची यादी आहे, प्रत्येकाचा क्रमांक, देश आणि हुद्दा दिलेला. चेहऱ्यांचं चित्र आहे. कुठला चेहरा कुठल्या नावाचा, ते तुम्ही ठरवायचं. एका प्रसंगात खलाशी आपापल्या झोळ्यांत निजलेले दिसतात. झोळीला क्रमांकाची पट्टी. पांघरुणाखालून एकाचा पाय बाहेर आलाय, पायात बूट. यादीत क्रमांक बघितला, नाव सापडलं. पण झोपलेल्याचा चेहरा दिसत नाही. मग दुसऱ्याच एका प्रसंगात, वादळात डोलकाठीवर चढलेल्यांच्या पायांकडे बघायचं, तसलेच बूट कुणाच्या पायात आहेत? एवढ्याशा बुटावरून माणूस पटतो तेव्हा जो आनंद होतो, तो कुठल्याही चमचमणाऱ्या बक्षिसानं होत नाही. आणि अंदाजपंचे ठोकून चालणार नाही याचीही सोय आहे, तुमची उत्तरं बरोबर आहेत हे खेळ एकेक करून सांगत नाही, तीन जणांचं भवितव्य अचूक भरलं की मगच सांगतो. तुक्का एखादा लागेल, तिन्ही लागत नाहीत.

खेळाडूवर विश्वास ठेवण्याचा हा एक नमुना. लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला.

मोबाइल आणि फेसबुकवरच्या खेळांबद्दल थोडक्यात, कारण तिथे रडगाणं वेगळं आहे. पॅरिसच्या प्रिटी सिंपल या कंपनीचा ‘क्रिमिनल केस’ २०१२ मध्ये फेसबुकवर आला, २०१३ चा फेसबुकचा सर्वोत्तम खेळ ठरला. त्याच मालिकेतला ‘ट्रॅव्हल इन टाइम’ हा काळप्रवासाचा. मांडणी सगळ्यांची एक. ऊर्जा ११०, एका देखाव्याला २० खर्च, म्हणजे पाच देखावे झाले की संपलं, थांबा किंवा पैसे टाका. पुरावा प्रयोगशाळेत पाठवला की घड्याळातले खरेखुरे तास मोजायचे, शवविच्छेदनाला अठरा. क्षणात हजारो वर्षं मागे जाणारे पोलिस आणि अहवालाला अठरा तास! खेळाडूंची मतं इथे दोन तट पडून भांडतात. वाट बघणाऱ्यांना त्या थांबण्याचीही सवय होते, सकाळी अहवाल आला का बघायचा, चहाबरोबर एक देखावा उरकायचा. दुसऱ्यांना ती उघड पिळवणूक वाटते. मी दुसऱ्या तटात आहे, पण पहिल्या तटातली माणसं कमी नाहीत आणि ती मूर्खही नाहीत, एवढं मान्य करायला हवं.

आणखी एक. प्लेडमचा ‘गार्डन्स ऑफ टाइम’ २०११ मध्ये फेसबुकवरच्या खेळांच्या यादीत पहिला होता. तोही काळप्रवास आणि लपलेल्या वस्तूंचा. सापडलेल्या वस्तूंनी लोकांनी आपापल्या बागा सजवल्या. आज तो खेळताच येत नाही, बागा गेल्या. पैसे एकदा घेऊन खेळ हातात देणारे आणि खेळ सतत आपल्याच सर्व्हरवर ठेवणारे, यांतला फरक खेळाडूंना अशा वेळी कळतो.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी पत्र मराठीत लिहिलं.

काळप्रवासी गुप्तहेराच्या जवळजवळ प्रत्येक खेळाचं गृहीत एक असतं. कुणीतरी इतिहास बिघडवला, तुम्ही तो ‘बरोबर’ करा. अटलांटिसबद्दल हे चालून जातं, तिथे कुणाचं काही अडकलेलं नाही. पण हाच साचा उचलून आपल्या भूमीवर ठेवा आणि काय होतं बघा.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तुमच्यातल्या बहुतेकांनी वाचली असेल. इंग्रजीतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही ती आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी थोडक्यात हुकली आणि मराठे पानिपत जिंकले. मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून ते पुस्तकं चाळतात, इतिहास नेमका कुठे फुटला ते शोधतात. परतल्यावर त्यांच्याकडे पुरावा म्हणून उरतं बखरीचं एक फाटकं पान. नीट बघितलं तर ही काळप्रवासी गुप्तहेराचीच गोष्ट आहे. लपलेली वस्तूसुद्धा आहे त्यात.

आता हीच गोष्ट त्या साच्यातून काढा. ईव्हसारखी कुणीतरी खेळाडूच्या कानात सांगते, ‘काळात बिघाड झालाय. गोळी हुकली. ती लागेल असं बघा.’ मराठी खेळाडू काय करेल? फोन बाजूला ठेवेल, नाहीतर मुद्दाम गोळी हुकवायची वाट शोधेल. त्या क्षणी खेळ खेळाडूशी खोटं बोलायला लागतो, कारण इतिहास बरोबर करणं आणि आपल्या मनाला बरोबर वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा अडथळा मानू नका. जगातल्या कुठल्याही स्टुडिओला फुकट न मिळणारा मालमसाला आहे हा. त्या जिंकलेल्या पानिपतानंतरचं जग नारळीकरांनी नुसतं गुलाबी रंगवलेलं नाही. तिथे काय काय वेगळं झालं याचा विचार केलाय. खेळाडूला ते जग फिरू द्या, दोन्ही जगांतले पुरावे गोळा करू द्या आणि मग निर्णय त्याच्यावर सोडा.

दुसरं उदाहरण अधिक टोकाचं. २२ जून १८९७. प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात घरोघर झडत्या घेऊन लोकांच्या रोषाचा धनी झालेला अधिकारी रँड त्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतत होता. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात तो समारंभ होता, आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. चाफेकरांनी गोळ्या घातल्या. रँड ३ जुलैला मेला. दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला. तुमच्या खेळातला काळप्रवासी गुप्तहेर इथे आला, तर तो कुणाच्या बाजूचा? गुन्हेगार पकडायचा या नियमानं तो चाफेकरांना पकडून देईल. हे मराठी माणसाच्या गळी उतरणार नाही आणि उतरवूही नये.

मग प्रश्न बदला. कोणी केलं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. कसं घडलं, हे फार थोड्यांना. अंधारा रस्ता, एकामागून एक निघालेल्या घोडागाड्या, आत कोण बसलंय ते बाहेरून धड दिसत नाही, आरोळी ठोकून दिलेली खूण, दुसऱ्याच गाडीवर झाडलेली गोळी. हा सगळा टिकांचा खेळ आहे. कुठली गाडी आधी, कोण कुठे दबा धरून, कुणी काय पाहिलं आणि नंतर काय सांगितलं. मग आणखी मागे न्या, मार्चच्या पुण्यात. झडती घेतलेलं घर, बाहेर फेकलेलं सामान, देवघराची झालेली दशा. त्या खोलीतल्या वस्तूच सांगतील माणसं का पेटली ते. खेळाडूला कुणी भाषण द्यायची गरज नाही.

लपलेल्या वस्तूंच्या खेळांची एक जुनी थट्टा आहे, राजवाड्यातल्या पलंगावर केळी, तुतारी, स्क्रू ड्रायव्हर आणि बदक एकत्र का पडलेले असतात? कारण खाली यादीत तशी नावं आहेत. काळप्रवासाच्या खेळात मात्र हीच थट्टा कामाला लावता येते. यादीच काढून टाका. पानिपतच्या छावणीतला एक तंबू दाखवा. समई, पानदान, गुंडाळलेले कागद, बोरू, दौत, तलवार, पागोटं, आणि एका कोपऱ्यात काड्यापेटी. घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरनं केली ती १८२६-२७ मध्ये. म्हणजे किमान पासष्ट वर्षांनंतरचा कुणीतरी या तंबूत येऊन गेलाय. कुणी ‘काड्यापेटी शोधा’ म्हटलेलं नाही. त्या काळात जे असायला नको ते हेरायचं आणि ते कुठल्या काळातून आलं यावरून माणूस पकडायचा. शिवकाळातल्या स्वयंपाकघरात चहाची किटली दिसली की आमच्या घरातली आजीसुद्धा बोट ठेवेल, आणि तिला हे कुणी शिकवावं लागणार नाही. खेळाडूकडे स्वतःचं ज्ञान असतं, ते वापरायची संधी द्या.

चित्रकारांना यासाठी लांब जायला नको. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. एका माणसानं जन्मभर गोळा केलेली. चार दिवस वही घेऊन तिथे बसा. इंटरनेटवरून उचललेल्या ‘प्राचीन भारतीय’ कलशापेक्षा तिथला एखादा साधा अडकित्ता जास्त बोलतो. तारखा आणि कागदपत्रं तपासायला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुण्याचं पुराभिलेखागार आहे. इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सल्लागार म्हणून पगारी ठेवा. नंतर चुका काढणाऱ्या हजार खेळाडूंपेक्षा तो स्वस्त पडेल. आपल्याकडचे खेळाडू चुका काढण्यात कसूर करणार नाहीत, पागोट्याची घडी चुकली तरी अभिप्रायात ताशेरे ओढतील.

शेवटचं पैशांचं. ‘आपल्याकडे लोक खेळासाठी पैसे मोजत नाहीत’, हे वाक्य तुमच्या बैठकांत येत असणारच. पण लोक काय बघून मोजत नाहीत, हेही बघा. बिग फिश गेम्सनं ‘मिस्ट्री केस फाइल्स’ची मालिका २००५ पासून चालवली, त्या काळात पहिला तासभर खेळ फुकट असायचा, आवडला तर एकदाच पैसे भरून तो कायमचा आपला. तासाभरात ज्याला गोडी लागली तो थांबत नसे. तुमच्या खेळातलं पहिलं प्रकरण असंच द्या, पूर्ण, जाहिराती न घालता, टायमर न लावता. त्यात एकदा तरी खेळाडूला स्वतःहून काहीतरी उमगू द्या. उरलेल्या प्रकरणांची किंमत त्यानंतर सांगा, एकदाच, सरळ आकड्यात. चांगल्या दिवाळी अंकाएवढी असली तरी लोक देतील, असा माझा अंदाज आहे.

आणि मदतनीस ठेवणार असाल तर जरूर ठेवा. तिनं विचारल्याशिवाय बोलू नये, एवढीच विनंती.

आपली,
एक खेळाडू